छिंदवाड्याहून नकार आला, तर

जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचा कागद घरी येतो. त्यावर हिंदीत लिहिलेले असते, की प्रतिकराचे आवेदन निरस्त केले आहे. नाहीतर ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्या घराला वाटले होते त्याच्या पावपट रक्कम मंजूर झालेली असते. न्यायाधीशांच्या कचेरीतून आलेला कागद म्हणजे शेवटचा शब्द, असे समजून पुष्कळ घरांत तो घडी घालून पेटीत ठेवला जातो. खून, हाणामारी, बलात्कार, ॲसिड किंवा जाळण्याचा प्रकार घडलेल्या पांढुर्णा आणि सौंसरकडच्या कुटुंबांसाठी हा लेख आहे. कागद पेटीत जाण्याआधी त्यांनी तो वाचावा एवढ्यासाठी. असे नकार बहुतेक वेळा माणसाकडे नव्हे, तर फाइलीकडे बघून दिलेले असतात. फाइल अर्धवट असेल तर ती पुरी करता येते, आणि पुरी केलेली फाइल वरच्या जागी पुन्हा दाखवताही येते.

आधी कायदा थोडक्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३९६ प्रमाणे गुन्ह्यात नुकसान किंवा इजा झालेल्या आणि पुनर्वसनाची गरज असलेल्या व्यक्तीला, किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्यांना, राज्य सरकारने पैसे द्यायचे असतात. जुन्या संहितेत हेच कलम ३५७ क होते. त्याच आधारावर मध्य प्रदेशात २०१५ ची अपराध पीडित प्रतिकर योजना आली. यातली एक गोष्ट नीट समजून घ्या: हे पैसे आरोपीच्या खिशातून येत नाहीत, त्यामुळे आरोपीला शिक्षा होण्यावर ते अडून राहत नाहीत. आरोपी सुटला तरी न्यायालय प्रतिकराची शिफारस करू शकते. आरोपी सापडलाच नाही, पोलिसांनी खात्मा लावला आणि खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडित स्वतः अर्ज करू शकतो. पोटकलम ४ नेमके यासाठीच आहे. ‘केस लागली नाही म्हणून पैसे नाहीत’ असे कुणी तोंडी सांगितले, तर ते लेखी मागा.

ब्रिटनमध्ये अशी योजना १९६४ पासून आहे. तिथे सरकारी कार्यालयाने नाकारलेले प्रकरण आधी त्याच कार्यालयात फेरतपासणीला जाते आणि नंतर एका स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे उभे राहते. आपल्याकडे या कामासाठी वेगळे न्यायाधिकरण नाही. ॲसिड हल्ल्यातल्या लक्ष्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले, की जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणानेच या बाबतीत मंडळाचे काम करायचे. जिल्हा न्यायाधीशांसोबत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि सिव्हिल सर्जन यांनीही त्यात असायचे. त्याच्या वर जबलपूरचे राज्य विधिक सेवा प्राधिकरण, आणि त्याहून वर उच्च न्यायालय. ही उतरंड एकदा डोक्यात बसली की कोणता कागद कुठे न्यायचा हे कळते.

आता आपल्या भागातला गोंधळ. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर आले, पोलीस अधीक्षक आले. पण महसुली जिल्हा झाला म्हणून न्यायालयीन जिल्हा त्याच दिवशी होत नसतो. पांढुर्णा आणि सौंसरची न्यायालये छिंदवाड्याच्या जिल्हा न्यायालयाखाली चालत आली आहेत, म्हणून प्रतिकराची फाइलही छिंदवाड्याला बनते. पांढुर्ण्याच्या कलेक्टर कार्यालयात अर्ज देऊन महिनोन्‌महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. ती तुमच्या अर्जाची जागाच नव्हे. सिलेवानीचा घाट चढून दर वेळी छिंदवाड्याला जाणे परवडत नसेल, तर तुमच्या तहसील न्यायालयाच्या आवारात तहसील विधिक सेवा समिती विचारा. अर्ज तिथे देता येतो आणि पुढे जातो. फक्त आवक क्रमांक आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढे मुदतीचा प्रश्न निघाला की हीच चिठोरी कामाला येते.

आदेश हातात आल्यावर शेवटच्या ओळीवर थांबू नका. त्याच्या वरचा मजकूर वाचा. नकाराचे कारण तिथे असते. हिंदी वाचताना अडत असेल तर न्यायालयातल्या विधिक सेवेच्या वकिलाकडून किंवा शाळामास्तरांकडून ऐकून घ्या, पण शब्दन्‌शब्द ऐका. कारण दिलेलेच नसेल, तर तोच तुमच्या अपिलाचा पहिला मुद्दा होतो.

सगळ्यात जास्त घोळ वैद्यकीय कागदांत होतो, आणि आपल्या भागात त्याला एक खास कारण आहे. मार गंभीर असेल तर माणूस पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या दवाखान्यातून थेट नागपूरला जातो. मुलाहिजा इकडे झालेला असतो, ऑपरेशन मेडिकलला किंवा एखाद्या खाजगी इस्पितळात, आणि अपंगत्वाचा दाखला आणखी तिसऱ्या गावी. माणूस नागपुरात दगावला तर मर्ग तिथल्या ठाण्यात नोंदला जातो, शवविच्छेदन तिथे होते, आणि मग ते कागद राज्याची हद्द ओलांडून आपल्या ठाण्याला येतात. ते मधेच अडकले, तर छिंदवाड्याच्या फाइलीत एवढेच दिसते की अमुक तारखेला मारहाण झाली आणि इसम ‘रेफर’ झाला. मार आणि मृत्यू यांना जोडणारा कागदच नसतो. अशा फाइलीवर नकार आला तर चौकशी करणाऱ्याचा फार दोष नाही. उपाय मेहनतीचा आहे पण सरळ आहे: नागपूरच्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातून दाखल-कागद, ऑपरेशनच्या नोंदी आणि डिस्चार्ज किंवा मृत्यूचा सारांश यांच्या प्रमाणित प्रती घ्या. नागपूरच्या ठाण्याने मर्ग डायरी कोणत्या जावक क्रमांकाने पाठवली ते विचारा, आणि तो क्रमांक घेऊन आपल्या ठाण्यात जा. ‘कागद आले नाहीत’ या उत्तराला जावक क्रमांकाइतके चांगले उत्तर नाही.

एफआयआरची प्रत तर हातात हवीच. कलम १७३ प्रमाणे ती फुकट मिळते, फिर्याद देणाऱ्यालाही आणि पीडितालाही. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नसेल तर लेखी विचारा आणि त्या पत्राची प्रत अपिलाला जोडा. एफआयआर उशिरा नोंदली म्हणून नकार आला असेल, तर उशीर का झाला ते तारखांनिशी सांगा. जखमी शुद्धीवर नव्हता, घरचे सगळे नागपूरला होते, मारणारा घरातलाच होता. ही कारणे खरी असतात, मात्र ती पहिल्या अर्जात कुणी लिहिलेली नसतात.

दुसरे नेहमीचे कारण राजीनाम्याचे. आपल्याकडच्या न्यायालयात राजीनामा म्हणजे तडजोड हे तुम्हाला माहीतच आहे. गावातल्या चार लोकांनी बसवून प्रकरण मिटवले आणि साक्षीत ‘मी काही पाहिले नाही’ असे सांगितले, तर पोलिसांना व सरकारी वकिलांना सहकार्य केले नाही असा शेरा फाइलीवर बसतो, आणि आधी मिळालेले पैसे परत मागितले जाण्याची वेळही येऊ शकते. दबावाखाली साक्ष फिरली असेल तर तसे उघड लिहा. धमकीची तक्रार केली असेल तर ती जोडा. माझे मत स्पष्ट आहे. पंचांसमोर वीस-पंचवीस हजार घेऊन मोकळे होणाऱ्याला आपण किती घालवून बसलो याचा हिशेब कुणी सांगितलेलाच नसतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दलही लोक विचारतात. जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, दरवर्षी माणसे जखमी होतात. तिथे डोके फुटले तर प्रतिकर मिळेल का? योजनेला आधी नोंदलेला गुन्हा लागतो, आणि पीडिताचे स्वतःचे वागणेही पाहिले जाते. हातात गोटे घेऊन नदीत उतरलेल्याला पीडित म्हणवून घेणे फार जड जाईल. पण घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीला गोटा लागला असेल, किंवा त्या गर्दीचा फायदा घेऊन कुणी जुने वैर साधले असेल, तर तो वेगळा गुन्हा आहे. त्याची वेगळी एफआयआर व्हायला हवी. मेळ्याच्या जखमींच्या यादीतले एक नाव होऊन राहिलात, तर काही हाती येणार नाही.

आता मुदत. अपिलाला अनेक राज्यांच्या योजनांत ९० दिवस मिळतात, काही ठिकाणी ३० च. तुम्ही ३० दिवस धरूनच चाला. दिवस मोजायचे ते आदेश झाल्यापासून नव्हे, प्रत मिळाल्यापासून. म्हणून प्रत मिळाली त्या दिवसाची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा, पाकीट फेकू नका. उशीर झालाच असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज द्या, त्यात कारण आणि पुरावा. आदेशाखाली सही कुणाची आहे हेही पाहा. प्राधिकरणाच्या सचिवांची असेल तर अपील आधी अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे करायचे की थेट जबलपूरला, हे सचिवांना लेखी विचारा आणि उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका. शंका असेल तर जबलपूरच्या राज्य प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या नावे अपील स्पीड पोस्टाने टाका आणि एक प्रत छिंदवाड्याला द्या.

अपील हिंदीत लिहा, दोन-तीन पानांपेक्षा जास्त नको. ‘गरीब आहोत, दया करा’ यावर पान खर्च करू नका. दयेचा प्रश्नच नाही, हे कायद्याने दिलेले पैसे आहेत. पहिल्या परिच्छेदात आदेशाचा क्रमांक, तारीख आणि तो मिळाल्याची तारीख. मग घटना चार ओळींत, ठाणे आणि अपराध क्रमांकासह. त्यानंतर आदेशात दिलेले एकेक कारण घ्यायचे आणि त्याच्यासमोर एकेक कागद ठेवायचा: अमुक कारण दिले आहे, त्याबाबत अमुक परिशिष्ट पाहावे. कारण खरेच असेल तर ते कबूल करा आणि तरीही रक्कम का मिळायला हवी ते सांगा. शेवटी मागणी आकड्यात लिहा. ‘योग्य ती रक्कम’ असे लिहिणाऱ्याला योग्य ती रक्कम क्वचितच मिळते.

नकार नसून रक्कम कमी असेल, तर लढाई वेगळी. पीडित स्त्री असेल तर राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना पाहा. निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर किमान मर्यादा म्हणून लागू केली. तिच्या तक्त्यात मृत्यूसाठी ५ ते १० लाख, बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख आणि ॲसिडने चेहरा विद्रूप झाला तर ७ ते ८ लाख असे आकडे आहेत. पीडिता अल्पवयीन असेल तर मर्यादा दीडपट धरायची. तक्त्याच्या तळाच्या आकड्याच्याही खाली रक्कम दिली असेल, तर तेवढा एकच मुद्दा अपिलाला पुरतो.

अपंगत्वाचे गणित टक्क्यांवर चालते. त्याच तक्त्यात २० ते ४० टक्क्यांना १ ते ३ लाख, ४० ते ८० टक्क्यांना २ ते ४ लाख आणि ८० टक्क्यांच्या वर २ ते ५ लाख आहेत. दाखला नसेल तर चौकशी करणारा तुमचा तुटलेला हात ‘गंभीर इजा’ म्हणून खालच्या खणात टाकतो. उपचार संपल्यावर वैद्यकीय मंडळाकडून टक्केवारीचा दाखला घ्या आणि तो अपिलात नवा पुरावा म्हणून द्या. मनाला बसलेला धक्काही तक्त्यात आहे. रात्री झोप नाही, मुलगी शाळेत जायला घाबरते, हे मनोविकारतज्ज्ञाच्या कागदावर आल्याखेरीज फाइलीला दिसत नाही.

कमाई सिद्ध करणे हे आपल्याकडे अवघड. संत्र्याच्या बागेत तोडीला जाणाऱ्याकडे किंवा बोरगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबणाऱ्याकडे पगाराची चिठ्ठी कुठून असणार? तरी काही ना काही असते. मनरेगाचे जॉब कार्ड, संबल कार्ड, ई-श्रम, बँकेच्या पासबुकातल्या जमा रकमा, ठेकेदाराचे किंवा बागवाल्याचे शपथपत्र, भाजीच्या दुकानाची नगरपालिकेची पावती. यातले काहीच नसेल तर निदान किमान वेतन, ज्याला आपण कलेक्टर रेट म्हणतो, त्या दराने हिशेब धरावा अशी मागणी करा. घरात खाणारी तोंडे किती, कुणाचे शिक्षण सुटले, उपचाराला किती कर्ज काढले, हेही लिहा. समग्र आयडीतल्या कुटुंबाच्या यादीशी तुमची नावे जुळतात ना, ते आधीच पाहून घ्या.

वकील परवडत नाही म्हणून अपील सोडू नका. १९८७ च्या विधिक सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. सीएम हेल्पलाइनवर लोक भरवसा ठेवतात, आणि ठाण्याने एफआयआरची प्रत अडवली तर तिचा उपयोगही होतो. पण प्रतिकराचा आकडा न्यायिक अधिकारी ठरवतात. तो तक्रार नोंदवून वाढत नाही. ‘जबलपूरमध्ये आपला माणूस आहे, दहा टक्के लागतील’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जबलपूरहूनही नकार आला, तर त्याच शहरातल्या उच्च न्यायालयाच्या मुख्यपीठात रिट याचिका करता येते. तिथे रकमेची घासाघीस करण्यापेक्षा नियम पाळला गेला नाही, कारण दिले नाही, कागद पाहिला नाही, हे मुद्दे चालतात.

आणि आदेशच आला नसेल तर? कायद्याने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. दोन महिने उलटले की अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या, त्यानंतर माहितीच्या अधिकारात फाइलीची स्थिती विचारा. दरम्यान औषधपाण्याला पैसे नसतील तर अंतरिम मदत मागा. सुरेश विरुद्ध हरियाणा राज्य या २०१४ च्या निकालापासून गुन्हा नोंदवल्यानंतर लगेच अशी मदत देण्यावर न्यायालयांनी भर दिला आहे. ॲसिडच्या प्रकरणात तर १ लाख रुपये १५ दिवसांत द्यायचे असतात. बलात्कार आणि ॲसिडच्या पीडितांना कोणतेही इस्पितळ, सरकारी असो वा खाजगी, मोफत उपचार नाकारू शकत नाही. कलम ३९७.

खटला अजून चालू असेल तर सगळ्यात सोपा दरवाजा न्यायालयाचाच आहे. निकालाआधी सरकारी वकिलांना भेटा आणि प्रतिकराच्या शिफारशीचा अर्ज द्यायला सांगा. अंकुश शिवाजी गायकवाड यांच्या महाराष्ट्रातल्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले होते, की प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, शारीरिक इजेच्या खटल्यांत, विशेषतः स्त्रिया आणि मुलांच्या, सत्र न्यायालयांनी प्रतिकराचा आदेश द्यावा असे त्याने बजावले. न्यायालयाने आरोपीलाच भरपाई द्यायला लावली आणि ती तुटपुंजी वाटली, तर कलम ४१३ प्रमाणे पीडिताला तेवढ्यापुरते वेगळे अपीलही आहे. मूळ अर्जच अजून केला नसेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत ३ वर्षे आहेत म्हणून निवांत राहू नका; सहा महिन्यांच्या आत टाकून मोकळे व्हा.

काही प्रकरणे या दारात आणायचीच नसतात. जातीवरून झालेल्या अत्याचारात मदत १९९५ च्या नियमांप्रमाणे कलेक्टरांकडून मिळते, ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत, आणि तिथे मात्र पांढुर्ण्याचे कार्यालयच कामाचे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी पॉक्सोचे विशेष न्यायालय स्वतःच अंतरिम रक्कम ठरवू शकते. महामार्गावर अज्ञात वाहनाने उडवले तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार, ते मोटार वाहन कायद्याखाली. घटना नागपुरात किंवा वरुडला घडली असेल तर महाराष्ट्राची योजना लागेल, स्त्रिया आणि मुलांसाठी मनोधैर्य. तुमचे घर सौंसरला आहे म्हणून अर्ज छिंदवाड्याला येत नाही. दुसरीकडून काही मिळाले असेल तर ते लपवू नका. नंतर उघडे पडले की चांगले अपीलही कोसळते.

मंजुरी झाल्यावर खात्यात थोडेच पैसे आले म्हणून घाबरून पुन्हा अपील करणारेही असतात. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या त्याच योजनेप्रमाणे २५ टक्के रक्कम लगेच हातात देतात आणि ७५ टक्के किमान ३ वर्षांसाठी मुदत ठेवीत ठेवतात. अल्पवयीन मुलांच्या नावे ८० टक्के. ठेवीची पावती मागून घ्या, तिच्यावरचे नाव आणि मुदत तपासा. शिक्षणाला किंवा ऑपरेशनला निकड पडली तर ठेवीतून पैसे सोडावेत असा अर्ज प्राधिकरणालाच करता येतो, त्यासाठी जबलपूर गाठावे लागत नाही. खाते पीडिताच्या एकट्याच्या नावे असू द्या. मारहाण नवऱ्याने केली असेल, तर त्याच्यासोबतचे जुने संयुक्त खाते फॉर्मवर लिहू नका.